बादलीतला गोळा

रोह्यातली ती केस आठवली की आजही मी मनातल्या मनात मान खाली घालते. तसं पाहिलं तर तपास बरोबर झाला होता. कागद सरळ होते, निर्दोष माणूस सुटला होता, साहेबांनी चारचौघांत शाबासकीही दिली होती. तरीसुद्धा. नोकरीतल्या चोऱ्या, मारामाऱ्या, घरातून पळून गेलेल्या आणि परत आणलेल्या पोरी, हे सगळं मी नातवंडांना रंगवून सांगते. ही एक गोष्ट मात्र कधी ओठांवर आली नाही. आता लिहायलाच बसलेय, तर लिहून टाकते. नावं कुणाचीच देणार नाही. ज्यांना ओळख पटेल त्यांना पटेल.

मी सातवी शिकलेली. पोलिसात लागले तेव्हा साधा अर्ज लिहितानाही दहा चुका व्हायच्या. लिहायला शिकले ते ठाण्यातच, जुने पंचनामे वाचून वाचून. त्यामुळे माझ्या लिहिण्यात ‘सदर इसम’ आणि ‘अहो, काय सांगू’ शेजारी शेजारी येतात. सांभाळून घ्या.

तर नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी रोहा ठाण्यात हवालदार होते. बाई म्हणून एकटीच. बायकांची झडती, बायकांचे जबाब, सासू-सुनांची भांडणं माझ्याकडे. आणि अक्षर बरं म्हणून मुद्देमालाच्या चिठ्ठ्या लिहिणंही माझ्याच गळ्यात.

रोह्याच्या वरच्या अंगाला नदीतून पाणी उचलायची एक जॅकवेल होती. जॅकवेल म्हणजे नदीत बांधलेली सिमेंटची मोठी विहीरच म्हणा. तिच्या तोंडाशी कचरा अडवायला लोखंडी जाळी बसवायची होती. जाळी चांगलीच अवजड. ती ज्या लोखंडी कंसांवर, म्हणजे ब्रॅकेटांवर, टांगायची ते कंस भिंतीला, पाण्याखाली, जाड बोल्टांनी धरायचे होते. हे काम कंत्राटदाराने खाडीकडच्या पाणबुड्यांना दिलं होतं. वडखळजवळच्या एका गावची माणसं. त्यांचा मुकादम तिशीतला, अबोल, पण कामाला वाघ. हवेची नळी तोंडात धरून तो पाण्याखाली भिंतीला भोकं पाडायचा, ब्रशने साफ करायचा, भोकाच्या तळापासून मसाला भरत बाहेर यायचा म्हणजे आतलं पाणी ढकललं जातं, आणि मग बोल्ट पिळून आत बसवायचा.

मसाला म्हणजे ते एपॉक्सी. दोन डब्यांत येतं, एकात काळं, एकात पांढरं. दोन्ही सारखं घेऊन मळायचं, सगळं एकसारखं करडं दिसेपर्यंत. मग ते हळूहळू आवळत जातं आणि दगड होतं. पाण्यातही होतं. पण पाणी थंड असेल तर फार वेळ लावतं.

आता पाण्याखालचा मसाला आवळला की नाही, हे वरून कळायचं कसं? त्यासाठी या लोकांची एक रीत होती. त्याच मळणीतला एक गोळा घ्यायचा, त्याच पाण्याच्या बादलीत बुडवून काठावर ठेवायचा. गोळा दगड झाला की समजायचं, खाली बोल्टही बसला. खाडीवर खारजमिनीच्या बांधांना जी उघाडी असते, पाणी आत-बाहेर करायची दारं, त्यांची दुरुस्ती ही माणसं वर्षानुवर्षं अशीच करत आली. एकदाही फसली नव्हती.

पण खाडीचं पाणी उथळ, कोमट. आणि इथे थंडीचे दिवस, डोंगरातल्या वीजघरातून सुटून आलेलं पाणी. हात घातला तर हाडं ठणकावीत असं. पोरं वर आली की दात वाजायचे. म्हणून काठावर तीन दगडांची चूल कायम पेटती असायची. जेवण करायला मुकादमाची आई आली होती. तिथे येईल त्याला चहा. साहेब असो की मजूर.

एका सकाळी जाळी टांगली. कंसावर भार आला आणि दोन बोल्ट भिंतीतून सरळ उपटून बाहेर आले. जाळी तिरकी कोसळली आणि शिडीवर उभ्या असलेल्या फिटरचा पाय तिच्यात सापडला. घाटावरचा तरुण माणूस, नुकतं लग्न झालेलं. अलिबागच्या सिव्हिलला नेलं. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

आमचे निरीक्षक साहेब पंच घेऊन जागेवर गेले. पंचनाम्यात दोन गोष्टी आल्या. उपटलेल्या बोल्टांना चिकटलेला मसाला नखाने खरवडला तरी निघत होता, मऊ होता. आणि बादलीतला गोळा दगडासारखा टणक होता. साइटवरच्या इंजिनिअरने जाळी टांगण्याआधी त्यावर हातोडी मारून पाहिली होती, हे सगळेच सांगत होते.

कंत्राटदाराने लगेच फिर्याद दिली. म्हणाला, “साहेब, सरळ आहे. गोळ्याला खरा मसाला लावला, बोल्टांना खोटा. मुद्दाम केलंय.”

त्याच दिवशी आमच्या खबऱ्याने खबर आणली. स्टेशन रस्त्यावर त्याची पानाची टपरी. तो म्हणाला, “आदल्या संध्याकाळी साइटवर जोरात जुंपली होती. इंजिनिअर त्या मुकादमाला सगळ्यांदेखत बोलला, तुम्ही खाडीची माणसं, तुम्हाला चिखलातलीच कामं जमायची. मुकादम म्हणाला, ‘तुमची जाली पान्यातच जायाची.’ तिथे मजुरीला असलेल्या माझ्या भावाने कानाने ऐकलं.”

खबर खोटी नव्हती. भांडण झालं होतं, ते शब्दही निघाले होते. मुकादमाला ठाण्यात आणून बसवलं.

आता इथे सामान्य वाचकांसाठी सांगते. नुसता निष्काळजीपणा असेल तर माणूस जामिनावर सुटतो. पण मुद्दाम केलं, माणूस मेला तरी चालेल अशा रागाने केलं, असं ठरलं की कलम बदलतं आणि आयुष्यातली वर्षं जातात. मुकादमाला बायको होती, रांगतं पोर होतं, आणि ती आई.

साहेब मारणाऱ्यांतले नव्हते. प्रश्न विचारायचे, गप्प बसायचे, पुन्हा तोच प्रश्न विचारायचे. मुकादम जमिनीकडे बघत बसला. मसाला कुणी मळला? “मी.” गोळा कुणी ठेवला? “मीच.” मग एक टणक आणि एक मऊ कसा? गप्प. चहा दिला, घेतला नाही. ठाणे अंमलदार मला म्हणाला, “बाई, हा दगड झालाय, गोळ्यासारखाच.”

शेवटी साहेब उठता उठता सहज म्हणाले, “ठीक आहे. याची आई तिथे चुलीवर होती ना? उद्या बाईंना पाठवून तिचा जबाब घेऊ.”

मुकादमाने झटकन मान वर केली. “नको साहेब. मीच केलं. पांढरा कमी घातला. रागानं केलं. लिवा तुमी.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी साहेबांकडे. नोकरीत एक शिकले होते. माणूस थकून कबूल होतो तेव्हा त्याचे खांदे पडतात. याचे खांदे ताठ झाले होते. आईचं नाव निघेपर्यंत जो तोंड उघडत नव्हता, तो नाव निघाल्याबरोबर तुरुंगात जायला तयार. पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, पण साहेब उद्या-परवा त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभा करू शकले असते, आणि हा तिथेही हेच बोलला असता.

दुपारी मी मुद्देमालाला चिठ्ठ्या बांधायला बसले. बोल्ट झाले, डबे झाले, मग बादली घेतली. प्लास्टिकची निळी बादली. तिची एक बाजू आत गेलेली, चुरमडलेली. आधी वाटलं आपटली असेल. बोट फिरवलं तर प्लास्टिक वितळून पुन्हा घट्ट झालेलं. मग गोळा उचलला. त्याच्या अंगात राख रुतून बसली होती, गोवरीच्या काड्या होत्या. मी तो उलटासुलटा करत राहिले.

मुद्देमाल कारकून हसला. “बाई, काय आरती करताय काय त्याची? पेणला पाठवा, गणपती करून देतील.”

मी हसले नाही. मला घरची चूल दिसत होती. थंडीत रात्री दही लागत नाही, मग आपण काय करतो? विरजणाचं भांडं चुलीच्या उबेला सरकवतो. सकाळी कवडी पडलेली असते. मी पुढे विचार केला. मुकादम कुणाला वाचवतोय ते मला कळलं.

साहेबांना सांगितलं. त्यांनी बादलीच्या वितळलेल्या बाजूवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “तर्कावर चालत नाही, बाई. जबाब आणा.”

बाईमाणसाला ठाण्यात बोलवायचं नसतं, जबाब घरी जाऊन घ्यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटीने वडखळला उतरले आणि पुढे बांधाबांधाने चालत त्यांच्या गावात गेले. एका बाजूला मिठागरं, एका बाजूला भातखाचरं. म्हातारी अंगणात सुकट निवडत होती. काष्टा घातलेलं नऊवारी, कपाळाला हिरवं गोंदण. मला बघून घाबरली नाही. वर-खाली बघितलं आणि म्हणाली, “तू पोलीस? अगो बाय! तुझा घो तुला भितं का तू त्याला?”

मी म्हटलं, “दोघं एकमेकांना भितो, आजी.”

ती खळखळून हसली. “मंग बरा संसार हाय. बस. च्या घे. माझा पोर कंदी येतं?”

“त्यासाठीच आलेय. तुम्ही तिथे होतात, तर तिथे काय काय झालं ते मला सांगा.”

तिला कुणाला तरी सांगायचंच होतं. पाणी किती थंड, पोरांचे ओठ कसे निळे पडायचे, मसाला मळून बोटं कशी आखडायची. आणि तो इंजिनिअर साहेब, तिच्या चुलीवर हात शेकत चहा पिणारा, आणि वर तिच्याच पोरावर खेकसणारा.

“रोज इचारायचा, गोला झाला का, गोला झाला का. गोला कुठला जमतं त्या थंडीत! माझा पोर बोलला, अजून थांबाया लागल साहेब. तो बोलला, तुमी लोक कामचोर. लई बोलला गो. माझा पोर रातीला जेवला पन नाय.”

“मग?” मी विचारलं. माझं पेन चालत होतं.

तिने डोळे बारीक करून, गुपित सांगावं तसं सांगितलं. “मंग मीनंच केलं. सगली निजल्यावर बादली उचलली नि चुलीकरं ठेवली. दही नाय लागलं का आपुन काय करताव? तसंच. मदी मदी फिरवली पन, एक बाजू जलू लागली म्हनून. सकालला बघतंय तं काय, दगड! साहेब आला, हातोरी मारली, खूश झाला. बोलला, जाली लावा. माझ्या पोराला पुन्ना काय बोलला नाय.” तिने पदराने तोंड पुसलं. “कुनाला सांगू नको हां. पोराला पन ठावं नाय. त्याला वाटंल, आय कामात नाक खुपसतं.”

तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला पेन खाली ठेवावंसं वाटलं. ठेवलं नाही. तिचे शब्द तिच्याच बोलीत जसेच्या तसे उतरवले, दह्यासकट. कारण त्या दह्यातच तिचा निरागसपणा होता आणि तिच्या पोराची सुटका होती. ते गाळलं असतं तर जबाब लंगडा पडला असता.

जबाब लिहून झाला की तो वाचून दाखवायचा असतो. तसा नियम आहे आणि मी तो कधी चुकवला नाही. मी वाचायला लागले. सुरुवातीला ती मान डोलवत होती. “व्हय. व्हय. असंच.” मग बादलीचं आलं, चुलीचं आलं, हातोडीचं आलं. मी वाचलं, ‘गोळा घट्ट झाल्याचे पाहून साहेबांनी जाळी टांगण्यास सांगितले.’

मान डोलायची थांबली.

“परत वाच,” ती म्हणाली.

मी परत वाचलं.

तिने हातातली सुकट सुपात टाकली. खूप हळू विचारलं, “वरचा गोला शेकला. खालचा... खालचा थंडीतच व्हता?”

“हो, आजी.”

“म्हनून त्या पोराचा पाय?”

गणवेश घातला की पाठ आपोआप ताठ राहते, पण मान ताठ ठेवणं मला जमेना. त्या बाईला हे कुणीतरी सांगणारच होतं. पण कुणी सांगावं, तर तिनेच दिलेला चहा पिऊन, तिचेच शब्द तिला वाचून दाखवून, मी.

मग तिने विचारलं, “माझ्या पोराला कललं?”

“जाळी पडल्यावर धावत काठावर आला तेव्हा त्याने बादली चुलीपाशी बघितली असणार. तो ठाण्यात म्हणतोय की मीच मुद्दाम केलं.”

तिने तोंडावर पदर घेतला. रडली नाही. मग एकदम हात पुढे केला, अंगठा वर करून. “घे. लाव शाई.”

“नको आजी. पोलीस जबाबावर अंगठा घेत नाहीत.”

“घे गो,” ती म्हणाली. “मीच केलं, मना ठावं हाय. माझा अंगठा घे नि माझा पोर सोड.”

मी तिचा तो अंगठा माझ्या मुठीत धरला आणि तशीच बसून राहिले. दुसरं काय करणार?

पुढचं लवकर झालं. साहेबांनी इंजिनिअरला बोलावून समोर बादली ठेवली. “बादली चुलीला टेकलेली तुम्ही बघितली होती?” तो आधी नाही म्हणाला. मग म्हणाला, “असेल. मी चहा घेत होतो.” मग म्हणाला, “मला घाई होती.” मसाला विकणाऱ्याकडे चौकशी केली तर तो म्हणाला, थंड पाण्यात दुप्पट वेळ थांबायचं, गोळा त्याच पाण्यात ठेवायचा, आणि भार देण्याआधी बोल्ट ओढून बघायचा. हे त्याने इंजिनिअरला सांगितलं होतं. मुकादमावरचा मुद्दाम केल्याचा आरोप गळला. इंजिनिअर आणि कंत्राटदारावर निष्काळजीपणाचा खटला भरला.

मुकादम सुटला तेव्हा मी ठाण्याच्या पायरीवर होते. मला वाटलं, निदान मान हलवील. तो माझ्यासमोर थांबला आणि म्हणाला, “बाई, मी आत गेलो असतो तं काय झालं असतं? चार वर्सांनी आलो असतो. आता ती रोज आत हाय.”

आणि तो पायऱ्या उतरून निघून गेला.

खटला उभा राहिला तेव्हा म्हातारीला साक्षीला यावं लागलं. मीच तिला आणायला गेले. कोर्टात ती पिंजऱ्याचा कठडा धरून उभी. कंत्राटदाराचा वकील हुशार. सगळा दोष म्हातारीवर लोटायचा हे त्याचं कामच होतं. त्याने माझ्या हातचा जबाब उघडला आणि मोठ्याने वाचला. दह्याच्या वाक्यापाशी थांबला, चष्मा वर केला. “म्हणजे आजी, तुम्ही तिथे बोल्ट बसवत होतात की विरजण लावत होतात?”

कोर्ट हसलं. शिपाई हसला, बाकावरचे पक्षकार हसले. मी दाराशी उभी होते. ते वाक्य मी लिहिलं होतं, तिच्या भल्यासाठी लिहिलं होतं, आणि तेच तिच्या अंगावर फेकलं जात होतं. ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. हे लोक का हसताहेत, हे मी तरी सांगेन, अशा आशेने.

ती एवढंच म्हणाली, “व्हय. मीच सरकवली. पोरगा नाय.”

बाहेर आलो तर फिटर कुबड्यांवर उभा होता. त्याचीही साक्ष होती. म्हातारी त्याच्यासमोर गेली आणि त्याच्या उरलेल्या पायाकडे वाकायला लागली. तो गडबडून मागे सरला, कुबडी घसरली, मीच त्याला सावरलं. तो म्हणाला, “आजी, असं करू नका. मीपण तुमच्या चुलीवर शेकलो होतो. बादली मीपण बघितली होती. पण कुणाच्या तरी डोक्यात आलं का?”

खालच्या कोर्टात इंजिनिअरला शिक्षा झाली. अपिलात ती दंडावर आली. कागद बंद झाला.

लोक विचारतात, एवढ्या नोकरीतून काय शिकलात. या केसपुरतं सांगते. खरं शोधून काढणं हे आमचं काम, आणि ते करायलाच हवं. उद्या अशी वेळ आली तर मी पुन्हा वडखळला उतरेन, पुन्हा जबाब वाचून दाखवीन. पण त्या दिवसापर्यंत मला वाटायचं की खरं बाहेर आलं की मोकळं वाटतं. तसं काही नसतं. गुन्हा न करताही माणसाला लाज वाटते, आणि ती लाज समोरच्याच्या अंगावरून आपल्या अंगावर येते. म्हातारीला चुलीची लाज वाटली, तिच्या पोराला आपण सुटल्याची. मला दोघांची.

निवृत्त झाल्यावर एकदा थंडीत पेणला भाचीकडे गेले होते. परतताना वडखळला उतरले. पाय तिकडेच वळले. म्हातारी होती अजून. खूप वाकली होती. ओटीवर, वाऱ्याच्या तोंडावर, गोधडी गुंडाळून बसलेली. आत सुनेची चूल पेटली होती. सून हळूच म्हणाली, “थंडीत पन आत येत नाय बाई. किती सांगताव. चुलीकरं बसतच नाय तवापासून.”

मी तिच्याजवळ ओटीवर बसले. तिने मला लगेच ओळखलं. माझा हात हातात घेतला. तिचा हात गार होता, त्या नदीसारखा. इकडचं तिकडचं बोलणं झालं. नवऱ्याचं विचारलं, अजून भितो का म्हणाली. मी म्हटलं, आता ऐकू कमी येतं, म्हणून भीत नाही. ती थोडीशी हसली.

मग तिने गोधडी आवळून घेतली. आणि एकदम विचारलं, “घरी दही लावतंस का गो?”

“लावते.”

“थंडीत?”

मला खोटं बोलावंसं वाटलं. पण तिच्याशी नाही बोलता आलं. मी म्हटलं, “चुलीजवळ ठेवते.”

तिने माझा हात थोपटला.

“ठेव,” ती म्हणाली. “दह्याला चालतं.”